पोट फुगतंय, दोन घासांत भरतंय? अंगावर काढू नका! अंडाशयाच्या कर्करोगाची लक्षणे आणि तपासणी

धाराशिव : पोट डब्ब झालं की ओवा चावायचा, फार झालं तर मेडिकलवरून ॲसिडिटीची गोळी आणायची आणि डोक्याला पदर बांधून रानात जायचं, हे गावाकडच्या बायकांचं ठरलेलं आहे. बहुतेक वेळा तो गॅसच असतो आणि दोन दिवसांत जातोही. पण पोट रोजच फुगायला लागलं, दोन घासांत भरायला लागलं आणि महिना उलटला तरी हे हटेना, तर दुखणं अंगावर काढायची सवय जिवावर बेतू शकते. कारण अंडाशयाचा कर्करोग सुरुवातीला अगदी असाच वागतो.

भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर अंडाशयाचा क्रमांक तिसरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे ४७ हजार महिलांना हा आजार झाला आणि सुमारे ३३ हजार महिला त्याने दगावल्या. हे दोन आकडे एवढे जवळजवळ असण्याचं मोठं कारण म्हणजे उशीर. बहुतेक जणींचा आजार पोटात पसरल्यावरच सापडतो.

स्तन, तोंड आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गावात तपासणी शिबिरं होतात. अंडाशयाच्या कर्करोगासाठी असं शिबिर नसतं, आणि का नसतं यालाही कारण आहे. त्यामुळे हा आजार ओळखायची सुरुवात घरातच, त्या बाईने स्वतः करायची असते. ती कशी, याची ही माहिती.

अंडाशय कुठे असतं?

गर्भाशयाला गावाकडं 'पिशवी' म्हणतात. या पिशवीच्या दोन्ही अंगांना, ओटीपोटात खोलवर, साधारण बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. दर महिन्याला त्यांतून स्त्रीबीज बाहेर पडतं. पाळीचं चक्र चालवणारी संप्रेरकंही तिथंच तयार होतात. अंडाशय आणि पिशवी यांना जोडणारी बीजनलिका असते. अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार बऱ्याचदा या नळीच्या टोकाशी सुरू होतो, असं अलीकडच्या संशोधनातून पुढे आलं आहे.

स्तनात गाठ झाली तर हाताला लागते. तोंडात चट्टा आला तर आरशात दिसतो. अंडाशयाचं तसं नाही. ते खोल आहे आणि त्याच्या आजूबाजूला मोकळी जागा आहे. गाठ लिंबाएवढी, मोसंबीएवढी झाली तरी ती दुखेलच असं नाही. तोवर कर्करोगाच्या पेशी सुटून पोटाच्या आतल्या आवरणावर, आतड्यांवर, आतड्यांपुढच्या चरबीच्या पडद्यावर जाऊन बसतात. मग पोटात पाणी साठायला लागतं. उसाच्या खोडकिडीसारखं हे आहे. पोंगा वाळलेला दिसतो तेव्हा कीड आत जाऊन बरेच दिवस झालेले असतात.

आजार फक्त अंडाशयातच असताना सापडला, तर अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार दहापैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो दूरवर पसरल्यावर सापडला तर हेच प्रमाण दहात तिघींवर येतं. सगळा फरक वेळेचा आहे.

ही चार लक्षणे लक्षात ठेवा

१) पोट फुगणे : गॅसचं पोट फुगतं आणि उतरतं. सकाळी हलकं वाटतं, जेवल्यावर जड होतं. या आजारातलं पोट मात्र फुगलेलंच राहतं, सकाळी उठल्यावरसुद्धा. वजन वाढलेलं नसतं, तरी परकराची नाडी नेहमीच्या जागी बसत नाही, ब्लाऊज सैल होतो आणि पोटाचा घेर मात्र वाढत जातो.

२) लवकर पोट भरणे : आधी दोन भाकरी खाणारी बाई अर्ध्या भाकरीवर हात धुते. भूक लागते, पण घास पुढं जात नाही. घरातले म्हणतात, "उपासतापास फार करते, म्हणून होतंय."

३) ओटीपोटात किंवा पोटात दुखणे : हे दुखणं फार जोराचं असेलच असं नाही. दबल्यासारखं, जड झाल्यासारखं वाटतं. पाळी गेलेली असली तरी पाळीच्या दिवसांसारखं ओढल्यागत होतं.

४) लघवीचा त्रास : वारंवार लघवीला लागते, आली की थांबवता येत नाही. लघवी तपासली तर त्यात जंतुसंसर्ग सापडत नाही, किंवा औषध घेऊनही त्रास राहतो.

याशिवाय सतत थकवा, कंबर भरून येणं, नव्यानेच सुरू झालेली बद्धकोष्ठता, हातपाय वाळत जाणं, दम लागणं, संबंधाच्या वेळी दुखणं ही लक्षणंही दिसू शकतात. पाळी पूर्ण थांबल्यावर अंगावरून रक्त गेलं, एकदाच आणि थोडंसं गेलं तरी, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलंच पाहिजे. त्याचं कारण बऱ्याचदा पिशवीशी संबंधित असतं, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.

बारा दिवसांचा हिशोब

वरची चारही लक्षणं प्रत्येक बाईला कधी ना कधी होतात. मग काळजी कधी करायची? त्यासाठी तीन प्रश्न आहेत.

पहिला : हे नवीन आहे का? वीस वर्षांपासून ॲसिडिटी असणारीची गोष्ट वेगळी. गेल्या काही महिन्यांत, वर्षभराच्या आत सुरू झालेला त्रास असेल तर लक्ष द्यायचं.

दुसरा : हे वारंवार होतंय का? महिन्यात १२ पेक्षा जास्त दिवस यातलं एखादं लक्षण असेल तर ते नेहमीचं दुखणं समजू नये. ब्रिटनमध्ये सरकारी डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत २०११ पासून हाच आकडा आहे. महिन्यात १२ पेक्षा जास्त वेळा अशी तक्रार घेऊन बाई आली, त्यातही तिचं वय पन्नाशीच्या पुढं असेल, तर तिची तपासणी करा, असं तिथं डॉक्टरांना सांगितलेलं आहे.

तिसरा : हे वाढत चाललंय का? म्हणजे मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात पोट जास्त, जेवण कमी, असं आहे का?

दिवस मोजायला वेगळी वही नको. घराच्या भिंतीवर कॅलेंडर असतंच. दुधाचा खाडा, गॅस सिलिंडरची तारीख, बचत गटाचा हप्ता सगळं त्याच्यावर लिहिलं जातं. ज्या दिवशी पोट फुगलं त्या तारखेला 'पो', जेवण गेलं नाही तर 'जे', दुखलं तर 'दु', लघवीचा त्रास झाला तर 'ल' एवढंच लिहायचं. महिन्याच्या शेवटी मोजायचं. बारावर दिवस भरले, तर ते कॅलेंडरचं पान फाडून सोबत घ्यायचं आणि डॉक्टरांपुढं ठेवायचं. "अधूनमधून पोट फुगतं" असं सांगणं वेगळं आणि "या महिन्यात सतरा दिवस फुगलं" असं सांगणं वेगळं.

पण पोट डोळ्यांना दिसेल एवढं वाढलं असेल, हाताला गाठ लागत असेल किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं असेल, तर मोजत बसायचं नाही. त्याच आठवड्यात दाखवायचं.

गल्लत कुठे होते?

या आजाराचं सोंग मोठं असतं. पहिल्या डॉक्टरकडे ॲसिडिटीचं औषध मिळतं. दुसरीकडे लघवीच्या जंतुसंसर्गाचं. तिसरीकडे कंबरेचा एक्स-रे निघतो. प्रत्येक ठिकाणी चार-आठ दिवस थोडं बरं वाटतं. मध्येच सोयाबीनची काढणी येते, ज्वारीची पेरणी येते, लेकीचं बाळंतपण येतं. "एवढं उरकलं की दाखवू" म्हणता म्हणता सहा महिने जातात.

दोन गोष्टी इथं लक्षात ठेवाव्यात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आतड्याचा त्रास, म्हणजे गॅस, बद्धकोष्ठता, पोटात मुरडा असं सुरू झालं आणि १५ दिवसांच्या औषधाने उतरलं नाही, तर त्याच गोळ्यांचं दुसरं पाकीट आणण्याआधी सोनोग्राफीबद्दल विचारावं.

दुसरी गोष्ट पोटाच्या टीबीची. आपल्याकडे टीबी खूप आहे. पोटाच्या टीबीतही पोटात पाणी होतं, वजन घटतं, भूक मरते आणि रक्तातली सीए-१२५ ही पातळीसुद्धा वाढते. अंडाशयाच्या कर्करोगातही हेच सगळं होतं. त्यामुळे एकाला दुसरं समजण्याची चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. पोटातलं पाणी तपासून किंवा तुकडा काढून तपासून खात्री करता येते. टीबीचं औषध सुरू होण्याआधी "पाण्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का ते बघितलं का?" एवढं विचारायला हरकत नाही. मात्र सुरू असलेला टीबीचा कोर्स कोणीही मनाने बंद करू नये.

शिबिरात हा कर्करोग का सापडत नाही?

कर्करोगाच्या तपासणी शिबिराचं मोल धाराशिव जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १९९९ पासून याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, गावागावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त महिला त्यात सहभागी झाल्या. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांचा दाखला दिला जातो. म्हणजे काही त्रास नसलेल्या बायकांची तपासणी करून जीव वाचवता येतो, हे इथल्याच बायकांनी दाखवून दिलं.

अंडाशयाच्या बाबतीतही असंच होईल अशी आशा होती. ब्रिटनमध्ये २००१ पासून ५० ते ७४ वयाच्या २ लाखांहून जास्त महिलांवर अभ्यास झाला. एका गटाची दरवर्षी सीए-१२५ रक्त तपासणी, एका गटाची दरवर्षी सोनोग्राफी आणि एका गटाची काहीच तपासणी नाही. त्यांच्याकडे सरासरी सोळा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०२१ मध्ये निकाल आला. रक्त तपासणीच्या गटात काही कर्करोग लवकर सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

अमेरिकेत ७८ हजार महिलांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०११ मध्ये आला, तोही तसाच. उलट तिथं ३ हजार २८५ महिलांना कर्करोग नसताना तपासणीत संशय निघाला. त्यातल्या १ हजार ८० जणींचं ऑपरेशन झालं आणि १६३ जणींना त्यातून गंभीर गुंतागुंत झाली. नसलेल्या आजारासाठी पोट फाडून घ्यावं लागलं.

म्हणूनच काहीही लक्षण नसलेल्या आणि घरात या आजाराचा इतिहास नसलेल्या बाईने दरवर्षी सीए-१२५ करून घ्यावी असा सल्ला डॉक्टर देत नाहीत. 'संपूर्ण शरीर तपासणी' नावाच्या पॅकेजमध्ये ही तपासणी दिसली म्हणून आपण सुरक्षित झालो, असंही समजू नये.

आणखी एक गैरसमज आहे. आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाची तपासणी करतात, पॅप स्मिअर करतात, किंवा ॲसिटिक ॲसिड लावून बघतात. ती तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईने जरूर करून घ्यावी. पण ती पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे. अंडाशय तिच्यात दिसत नाही. "मागच्या साली तपासलं, सगळं नॉर्मल होतं" हे उत्तर फुगणाऱ्या पोटाला लागू पडत नाही.

लक्षण नसताना तपासणीचा उपयोग नाही. पण लक्षण असताना तपासणी टाळणं धोक्याचं. हा फरक नीट समजून घ्यावा.

लक्षणं असतील तर कोणत्या तपासण्या?

डॉक्टरांची तपासणी : आधी पोट आणि मग आतून तपासणी. लाज वाटत असेल तर महिला डॉक्टर आहेत का ते विचारावं, सोबत आशाताईंना न्यावं. पाळी थांबलेल्या बाईचं अंडाशय आकसलेलं असतं. ते हाताला लागत असेल तर पुढची तपासणी हवीच.

सोनोग्राफी : हीच पहिली आणि महत्त्वाची तपासणी. पोटावरून करताना लघवी भरलेली लागते. आतून, म्हणजे योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशय जास्त स्पष्ट दिसतं. तिला काही मिनिटं लागतात आणि भूल लागत नाही. अविवाहित मुलींची पोटावरूनच करतात.

सीए-१२५ : ही रक्ताची तपासणी. साधारण ३५ युनिटपर्यंत पातळी ठीक समजतात. पण ती वाढली म्हणजे कर्करोगच असं नाही. पाळी चालू असताना, गरोदरपणात, पिशवीत गाठी असताना, एंडोमेट्रिओसिसमध्ये, टीबीमध्ये, यकृताच्या आजारातही ती वाढते. आणि पातळी ३५ च्या आत आहे म्हणजे कर्करोग नाहीच, असंही नाही. पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये ती वाढलेली नसते. म्हणून हा आकडा नेहमी सोनोग्राफी, वय आणि लक्षणं यांच्यासोबत वाचायचा असतो.

कमी वयातल्या मुली : विशी-पंचविशीच्या आतल्या मुलींनाही अंडाशयाच्या गाठी होतात. त्यातला कर्करोग वेगळ्या प्रकारचा असतो. त्यासाठी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्त तपासण्या करतात. हा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो. बऱ्याचदा एकच अंडाशय काढून पिशवी आणि दुसरं अंडाशय वाचवता येतं, त्यामुळे पुढं मूल होण्याची शक्यता राहते. तेव्हा मुलीच्या लग्नाच्या काळजीने गाठ लपवून ठेवू नये.

सीटी स्कॅन किंवा एमआरआय : संशय असेल तर आजार किती पसरलाय हे बघायला करतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

'ओव्हरीवर सिस्ट' एवढं वाचून घरात रडारड सुरू होते. तसं करू नये. पाळी चालू असलेल्या बायकांच्या अंडाशयात पाण्याच्या साध्या गाठी होतच असतात. पाच सेंटिमीटरच्या आतली साधी, पातळ भिंतीची गाठ बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. पीसीओडी म्हणजेही कर्करोग नव्हे.

रिपोर्टमध्ये गाठीत घट्ट भाग आहे, आत जाड पडदे आहेत, गाठ दोन्ही बाजूंना आहे, पोटात पाणी आहे, गाठीत रक्तपुरवठा वाढलाय असं काही लिहिलं असेल, आणि त्यातही पाळी थांबलेली असेल, तर कर्करोगतज्ज्ञांकडे जायला वेळ लावू नये.

इथं एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. अंडाशयाच्या संशयास्पद गाठीत सुई घालून पाणी काढू देऊ नये. गाठ तिथंच बंद असेल तर सुईमुळे किंवा ती फोडून काढल्यामुळे पेशी पोटात सांडू शकतात आणि पहिल्या टप्प्यातला आजार पुढं जाऊ शकतो. पोटात आधीच साठलेलं पाणी तपासणीसाठी काढणं ही वेगळी गोष्ट आहे. ते डॉक्टर गरजेनुसार करतात. "ही गाठ कर्करोगाची असू शकते का? असेल तर ऑपरेशन कर्करोगाच्या सर्जनने करावं का?" हे दोन प्रश्न ऑपरेशनच्या टेबलवर जाण्याआधी विचारावेत. स्त्रियांच्या कर्करोगाचं खास शिक्षण घेतलेल्या सर्जनने पहिलं ऑपरेशन केलं तर निकाल चांगला येतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे.

धोका कोणाला जास्त?

वय वाढेल तसा धोका वाढतो. पाळी थांबल्यानंतरच्या वयात हा आजार जास्त दिसतो. मूल न झालेल्या, एंडोमेट्रिओसिस असलेल्या, वजन फार जास्त असलेल्या बायकांना धोका थोडा जास्त असतो. बाळंतपण, अंगावर पाजणं, काही वर्षं घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन यांमुळे धोका कमी होतो, पण संपत नाही.

सर्वांत मोठा धोका रक्ताच्या नात्यातून येतो. आई, बहीण, लेक, मावशी, आत्या, आजी यांच्यापैकी कुणाला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना सांगावं. वडिलांकडचं नातंही तेवढंच धरायचं. आत्याचा आजार भाचीला लागू होतो, कारण सदोष जनुक वडिलांमार्फतही येतं. सासू किंवा नणंदेचा आजार सुनेला येत नाही, पण नणंदेच्या लेकीला आणि सुनेच्या स्वतःच्या लेकीला मात्र विचारात घ्यावं लागतं.

या जनुकांची नावं बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण चाळीस जणींना आयुष्यात हा कर्करोग होऊ शकतो. बीआरसीए-२ मध्ये प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास असतं. रक्तातून ही तपासणी होते. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या प्रत्येक रुग्णाने ती करून घ्यावी असा तज्ज्ञांचा सल्ला असतो, म्हणजे तिच्या बहिणी आणि लेकी वेळेत सावध होतात. दोष सापडला तर मुलंबाळं झाल्यावर, पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान, दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढून टाकण्याचा पर्याय डॉक्टर समजावून सांगतात.

'पिशवी काढलीय, आता काय होणार?'

मराठवाड्यात हा समज फार आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशवीच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल" अशी भीती घातल्याचं अनेकींनी सांगितलं होतं.

पिशवी काढली म्हणजे अंडाशय काढलं असं होत नाही. अनेक ऑपरेशनांत, खास करून कमी वयात, अंडाशय तसंच ठेवतात आणि ते ठेवणं योग्यही असतं. पण ते आहे म्हणजे धोकाही आहे. म्हणून पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईने आपला डिस्चार्ज कागद शोधून अंडाशय ठेवलंय की काढलंय हे डॉक्टरांकडून वाचून घ्यावं. कागद हरवला असेल तर सोनोग्राफीत कळतं. पोट फुगण्याची चार लक्षणं अशा बाईलाही तितकीच लागू आहेत.

आणि उलट बाजूने, कर्करोग होऊ नये म्हणून धडधाकट पिशवी काढून घेणं हा उपाय नव्हे. असं कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

निदान झालं तर

उपचार मुख्यतः दोन आहेत, ऑपरेशन आणि केमोथेरपी. ऑपरेशनमध्ये डोळ्यांना दिसणारा सगळा आजार काढायचा प्रयत्न असतो. केमोथेरपीत सहसा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधं सलाइनमधून दर २१ दिवसांनी, साधारण सहा वेळा देतात. आजार जास्त पसरलेला असेल तर आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेल्या केमो असा क्रम असतो. केस जातात, पण उपचार संपल्यावर परत येतात.

आजार पसरल्यावर कळला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. अभिनेत्री मनीषा कोईराला यांना २०१२ मध्ये अंडाशयाचा कर्करोग झाला. ऑपरेशन आणि केमो घेऊन त्या बऱ्या झाल्या, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि आजही पडद्यावर काम करतात.

आपल्या भागाला जवळचं मोठं केंद्र बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. पुढं मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मान्यताप्राप्त रुग्णालयात कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमोथेरपी यांचा खर्च मिळतो. एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सगळे रिपोर्ट घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावं. पैसे भरल्यानंतर योजनेचं विचारत बसू नये. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे. उपचारासाठी रेल्वेने जाताना रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

लगेच दवाखाना गाठा

• पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारा सरत नसेल, शौचाला होत नसेल
• ओटीपोटात एका बाजूला अचानक जोराची कळ आली
• पडल्यावर दम लागतोय
• एकच पाय सुजून दुखतोय

अशा वेळी सकाळची वाट बघू नये. १०८ ला फोन करावा.

घरातल्यांनी काय करायचं?

गावातली बाई स्वतःहून "मला दवाखान्यात न्या" असं सहसा म्हणत नाही. म्हैस एक दिवस वैरणीला तोंड लावेना तर घरात चर्चा होते, डॉक्टरांना फोन जातो. घरची बाई महिनाभर अर्ध्या भाकरीवर उठते, ते मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. ताटाकडं लक्ष ठेवावं. आई, बायको, सासू, वहिनी कोणीही असो, जेवण कमी आणि पोट जास्त दिसलं तर विचारावं. आशाताई घरी आल्या की त्यांच्या कानावर घालावं. त्या आरोग्य केंद्रापासून पुढं कुठं जायचं ते सांगतात.

सोनोग्राफीला एक दिवस मोडतो. बहुतेक जणींच्या रिपोर्टमध्ये काही निघणारही नाही, आणि तो दिवस वाया गेला असं वाटेल. वाटू द्यावं. काढणी चार दिवस लांबली तर पीक थोडं झडतं, ते पुढच्या हंगामात भरून निघतं.

(ही माहिती लोकांच्या जागृतीसाठी आहे. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)